स्क्रीनशॉट की डोक्याला शॉट?

आज जरा चिडून लिहितोय, तेव्हा आधीच सांगून टाकतो. "प्रत्येक स्टेपचा स्क्रीनशॉट पाहिजेच" या वाक्यावर ज्यांचा जीव आहे त्यांनी हे सकाळचे पोहे झाल्यावर वाचावं, उपाशीपोटी नको. :-)

माझं म्हणणं साधं आहे. ऑटोमेटेड ब्राऊझर टेस्टिंगच्या नावाखाली आपण दर रात्री जे ढीगभर स्क्रीनशॉट काढतो, त्यातले बहुतेक कोणीही बघत नाही. बघण्यासाठी ते काढलेलेच नसतात, दाखवण्यासाठी काढलेले असतात. आणि जिथे चित्राशिवाय गत्यंतर नाही अशी जी मोजकी ठिकाणं आहेत, तिथे मात्र आपल्याला चित्र काढायचं सुचत नाही.

जे या धंद्यात नाहीत (सीए, बँकवाले आणि समस्त डॉक्टर मित्रमंडळी) त्यांच्यासाठी दोन ओळी. वेबसाइट सारखी बदलत असते. बदलली की काल चालणारं आज मोडलेलं असू शकतं. म्हणून रात्री एक प्रोग्रॅम स्वतःच ब्राऊझर उघडतो, लॉगिन करतो, फॉर्म भरतो, बटणं दाबतो आणि अपेक्षित ते घडलं का ते तपासतो. सकाळी रिपोर्ट हजर: इतके पास, इतके फेल. या कामाचं एक प्रसिद्ध अवजार म्हणजे सेलेनियम. २००४ साली शिकागोला, थॉटवर्क्स कंपनीत, जेसन हगिन्स यांनी ते सुरू केलं. कंपनीच्याच टाइम आणि एक्स्पेन्सच्या एका अंतर्गत अ‍ॅप्लिकेशनसाठी. हेतू हा, की तीच तीच बटणं माणसाने पुन्हा पुन्हा दाबत बसू नये. हा हेतू लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर या अवजाराला फोटोही काढता येतो. २०१८ साली वेबड्रायव्हर हे डब्ल्यूथ्रीसीचं अधिकृत स्टँडर्ड झालं, त्यात स्क्रीनशॉटची आज्ञा आहे. पानाचा जेवढा भाग त्या क्षणी खिडकीत दिसतोय त्याचं ब्राऊझर पीएनजी चित्र बनवतो, बेस-६४ मध्ये गुंडाळतो आणि पाठवून देतो. आपल्या बाजूने एका ओळीचं काम. एका ओळीत होतं, तिथेच घात झालाय. कॅमेरा फुकट मिळाला की लग्नात पंगतीतल्या जिलेबीचेही चाळीस फोटो निघतात, तसं.

पहिली तक्रार. टेस्ट फेल झाल्यावर काढलेला फोटो हा फेल होण्याच्या क्षणाचा नसतो, त्यानंतरचा असतो. समजा, 'पैसे भरा' हे बटण येईपर्यंत जास्तीत जास्त दहा सेकंद थांब, असं टेस्टला सांगितलंय. सर्व्हर त्या रात्री सुस्त आहे, बटण यायला दहा सेकंदांहून किंचित जास्त वेळ लागतो. दहाव्या सेकंदाला टेस्ट हात वर करते, एरर फेकते. ती एरर पकडणारा कोड जागा होतो. मग तो फोटो काढायला सांगतो. तोपर्यंत बटण येऊन बसलेलं! सकाळी रिपोर्टमध्ये वर लाल अक्षरांत "बटण सापडलं नाही" आणि खाली फोटोत बटण, चांगलं ठसठशीत. डेव्हलपर म्हणतो, "हे काय, आहे की! तुझी टेस्टच गंडलीये." टेस्टर बिचारा पुन्हा चालवून बघतो, तर पास. दोघं खांदे उडवतात आणि त्या टेस्टवर 'फ्लेकी' असा शिक्का बसतो. सर्व्हर दहा सेकंद खातोय हे खरं दुखणं तसंच राहतं, कारण फोटोत वेळ दिसत नाही. याला आपल्याकडे वरातीमागून घोडं म्हणतात.

कधीकधी तर घोडं येतच नाही. जेयुनिटमध्ये 'टेस्टवॉचर' म्हणून सोय आहे. टेस्ट फेल झाली की त्याला निरोप मिळतो, म्हणून फोटोचा कोड तिथे लिहावासा वाटणं साहजिक आहे. पण जेयुनिट ५ मध्ये हा निरोप मिळतो 'आफ्टरईच'मधली झाडलोट आटोपल्यावर, आणि ब्राऊझर बंद करायची ओळ बहुधा त्या झाडलोटीतच असते. म्हणजे मंडप उतरवल्यावर फोटोग्राफर दारात. आणखी एक गंमत: सेलेनियमच्या जावा आवृत्तीत फोटो 'फाइल' म्हणून मागितलात, तर मिळणारी फाइल तात्पुरती असते. प्रोग्रॅम संपला की ती पुसली जाते, आपण दुसरीकडे कॉपी केली नसेल तर गेली. हे डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय. डॉक्युमेंटेशन कोण वाचतं म्हणा...

दुसरी तक्रार, फोटोत जे नसतं त्याबद्दल. अ‍ॅड्रेस बार नसतो, त्यामुळे पान कुठल्या पत्त्यावरचं ते कळत नाही. ब्राऊझरचा स्वतःचा अलर्ट नसतो. मागे चुपचाप पाचशे नंबरची एरर देऊन गेलेली रिक्वेस्ट नसते. कन्सोलमध्ये जावास्क्रिप्टने केलेला लालभडक आक्रोश नसतो. असतं काय, तर पानाच्या मधोमध ते गोल फिरणारं चक्र. आणि तेही फिरत नसतं. फोटो आहे ना तो!

असो. या झाल्या तांत्रिक तक्रारी, त्यांवर उपाय आहेत. माझा खरा राग वेगळ्या गोष्टीवर आहे, आणि ती म्हणजे पास झालेल्या टेस्टचे फोटो.

हिंजवडी, मगरपट्टा, ऐरोली, जिथे कुठे सर्व्हिस कंपनीत तुम्ही वर्ष-दोन वर्षं काढली असतील, तिथे 'टेस्ट एव्हिडन्स' नावाची वर्डची फाइल पाहिलीच असेल. दर पायरीचा स्क्रीनशॉट, खाली "अपेक्षेप्रमाणे" असा शेरा, पुढच्या पानावर पुढचा स्क्रीनशॉट. क्लायंटच्या साइन-ऑफला जोडायची. टेस्टिंग हाताने व्हायचं तेव्हा ही पद्धत मी समजू शकतो. माणसाने खरंच बटण दाबलं की नुसतीच टिक मारली, हा संशय क्लायंटला येणारच. पण मग ऑटोमेशन आलं. यंत्र टिक मारून चहाला जात नाही. म्हणजे ही फाइल गेली पाहिजे की नको? आपण काय केलं, तर ती फाइल बनवायला यंत्राला शिकवलं! ऑनलाइन अर्ज भरा, त्याची प्रिंट काढा, सही करा आणि पुन्हा खिडकीवर नेऊन द्या, त्यातलाच प्रकार. कागदी घोडे आता पीएनजीमध्ये नाचतात, एवढाच फरक.

जरा हिशोब मांडू. समजा ४०० टेस्ट आहेत, प्रत्येकीच्या सरासरी १५ पायऱ्या. झाले रोज रात्री ६,००० फोटो. एक फोटो २०० केबीचा धरला तर रात्रीचे १.२ जीबी. एका फोटोला अर्धा सेकंद धरला तर नुसते फोटो काढण्यात यंत्राची ५० मिनिटं. आणि माणसाने एकेक फोटो फक्त दोन सेकंद बघायचा ठरवला, तर ३ तास २० मिनिटं, रोज. तुमच्या टीममध्ये रोज सकाळी साडेतीन तास फोटो बघणारा माणूस कोण आहे? नाहीच. मग हे ६,००० फोटो कोणासाठी?

एका प्रोजेक्टवरची गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, तुमच्याही हापिसात अशी एक असेलच. पैसे भरल्यानंतरच्या पावतीचं पान होतं. टेस्ट तपासायची ती फक्त वरची हिरवी पट्टी: "व्यवहार यशस्वी". एका बदलानंतर पट्टी येत राहिली, पण खाली रकमेच्या जागी ०.०० छापून येऊ लागलं. टेस्ट पास. दुसऱ्या रात्री पास. अकरा रात्री पास. अकराही रात्रींच्या फोटोंत ते ०.०० स्वच्छ दिसत होतं. दरम्यान तो बदल प्रॉडक्शनवर गेला आणि शेवटी चूक कळवली ती ग्राहकाने.

मग मीटिंग झाली. टेस्ट रक्कम का तपासत नव्हती, हे कोणी विचारलं नाही. विचारलं हे, की "एव्हिडन्समध्ये तर दिसतंय, मग बघितलं का नाही?" आणि विचारलं कोणाला, तर टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीला. कॉलेजातून येऊन तिला वर्षही झालं नव्हतं. रोजचे फोटो फोल्डरमध्ये नीट लावून अपलोड करणं, एवढंच काम तिला दिलेलं. मी म्हटलं, हजारो फोटो एका माणसाने रोज बघावेत ही अपेक्षा कुठे लिहून ठेवलीये का? "हे ऑफलाइन घेऊ," असं उत्तर मिळालं. (ऑफलाइन म्हणजे कधीच नाही, हे सुज्ञांस सांगणे न लगे.) अप्रेझलमध्ये तिच्या नावापुढे 'बारकाव्यांकडे लक्ष कमी' असं आलं. ज्यांनी ती टेस्ट मंजूर केली आणि ज्यांनी पायरीपायरीला फोटोचा नियम काढला, त्यांच्या अप्रेझलमध्ये काय आलं ते विचारू नका.

मला चीड येते ती याची. न बघितलेला पुरावा निरुपद्रवी नसतो. तो पडून राहतो, आणि ज्या दिवशी काही बिघडतं त्या दिवशी सगळ्यात कमी पगाराच्या माणसाच्या डोक्यात घातला जातो. माणसाचं कंटाळवाणं काम वाचावं म्हणून निघालेल्या अवजारातून आपण एक नवं, आणखी कंटाळवाणं काम तयार केलं आणि वर त्याची जबाबदारीही त्या पोरीवर टाकली.

त्यात आणखी एक भानगड आहे. कित्येक ठिकाणी टेस्टिंगचा डेटा म्हणजे प्रॉडक्शनच्या डेटाची सरळ कॉपी असते. लॉगमध्ये मोबाइल नंबर, आधार नंबर वगैरे फुल्यांनी झाकायचे हे आता बऱ्याच टीम पाळतात. पण फोटोत? पानावर जे आहे ते जसंच्या तसं. लॉगमध्ये निदान शोधता येतं, हजारो चित्रांत कुठे कोणाचा नंबर पडलाय हे शोधणार कसं? आणि ही चित्रं कुठे असतात, तर अर्ध्या कंपनीला उघडता येणाऱ्या शेअर्ड ड्राइव्हवर, वर्षानुवर्षं. २०२३ साली डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा संमत झाला. गरज संपलेला वैयक्तिक डेटा पुसून टाकावा, हे त्यात आहे. आपल्या एव्हिडन्सच्या फोल्डरपर्यंत ही बातमी पोचलेली नाही.

इथे हमखास कोणीतरी म्हणणार, "अहो, पण ऑडिटला लागतं!"

बरं, ऑडिटला काय लागतं? कुठली गरज, कुठल्या टेस्टने तपासली, कोडच्या कुठल्या आवृत्तीवर, कधी, निकाल काय, मंजुरी कोणाची. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नुसत्या फोटोत नसतं. उलट पुरावा म्हणून फोटोसारखी लेचीपेची वस्तू नाही. कुठल्याही बँकेचं पान उघडा, एफ-१२ दाबा, शिलकीचा आकडा बदला आणि फोटो काढा. अर्ध्या मिनिटात खात्यात दहा कोटी! शिवाय जी स्क्रिप्ट स्वतःला पास म्हणते तीच स्वतःचे फोटो काढते. म्हणजे पंचनामा लिहिणारा आणि आरोपी एकच. आणि हिरवी पट्टी दिसली म्हणजे खात्यात नोंद झाली असंही नाही. नोंद झाली का हे बघायचं तर डेटाबेसातली नोंदच बघावी लागते. करारात खरोखरच फोटो लिहिलेले असतील तर द्या बापडे. रिलीजच्या वेळी, ठरलेल्या महत्त्वाच्या टेस्टचे, एकदाच. दर रात्री सगळ्यांचे नकोत.

आता दुसरी बाजू. फोटो टाकाऊच आहे असं माझं म्हणणं अजिबात नाही. काही गोष्टी फक्त डोळ्यालाच कळतात आणि मराठी साइट बनवणाऱ्याला तर हे पक्कं ठाऊक हवं.

सेलेनियमला विचारा, या बटणावर काय लिहिलंय? तो सांगेल, "नोंदणी". टेस्ट पास. प्रत्यक्षात त्या लिनक्सच्या मशीनवर देवनागरी फॉन्टच नाही आणि पडद्यावर पाच-सहा रिकामे चौकोन आहेत. किंवा फॉन्ट आहे, पण बटणाची उंची इंग्रजीच्या मापाने ठरवली आहे. इंग्रजीला वरखाली जेवढी जागा लागते तेवढीच ठेवली की आपले उकार आणि वेलांट्या कापल्या जातात. 'पुढे'चा उकार जातो आणि उरतं 'पढे'. 'कृती'ची होते 'कती'. टेक्स्ट तपासणाऱ्या टेस्टला हे कधीच कळणार नाही, कारण एचटीएमएलमध्ये शब्द अगदी शुद्ध आहे. पांढऱ्यावर पांढरी अक्षरं असली तरी ती वाचते. सेलेनियमच्या 'इज-डिस्प्लेड'ला विचाराल, तर कुकीच्या पट्टीखाली पूर्ण झाकलं गेलेलं बटणसुद्धा 'दिसतंय' म्हणेल. क्रोमचा जुना हेडलेस प्रकार आपणहून ८०० बाय ६०० ची खिडकी उघडायचा. लॅपटॉपवर दिसणारा मेनू त्यात तीन आडव्या रेघांमागे दडायचा आणि टेस्ट फेल व्हायची. अशा वेळी एक फोटो बघितला की दोन मिनिटांत उलगडा. तर फोटो लागतो, तो इथे.

आणि नेमकं इथेच काम नीट करायला हवं. जुनं मान्य चित्र आणि आजचं चित्र यांची तुलना करायची सोय आता चांगली झाली आहे. मायक्रोसॉफ्टने २०२० साली आणलेलं प्लेराइट हे काम विचारपूर्वक करतं: लागोपाठचे दोन फोटो सारखे येईपर्यंत थांबतं, अ‍ॅनिमेशन थांबवतं, लुकलुकणारा कर्सर लपवतं, तारखेसारखा बदलता भाग झाकायची सोय देतं. मॅकवर आणि लिनक्सवर अक्षरं किंचित वेगळी उमटतात, म्हणून दोन्हींची मान्य चित्रं वेगळी ठेवतं. यंत्राने करायचं ते यंत्र करतंय.

माणूस काय करतो? शंभर पानांची तुलना लावून ठेवतो. एके दिवशी कोणीतरी बटणाचा रंग बदलतो, शंभर टेस्ट लाल होतात. मग 'अपडेट स्नॅपशॉट्स' अशी एक आज्ञा, आणि शंभरही आजची चित्रं नवी मान्य चित्रं बनतात. रंगाबरोबर कुठे उकारही कापला गेला असेल तर तोही मान्य! उत्तर चुकलं म्हणून पोराने आन्सर-कीच बदलावी, तसं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

तर करायचं काय? नुसती टीका करून पळून जाणाऱ्यातला मी नाही, घ्या यादी.

१. पास झालेल्या टेस्टचे फोटो आजपासून बंद. प्लेराइटमध्ये 'ओन्ली-ऑन-फेल्युअर' अशी सेटिंग आहे. सायप्रेस कमांड लाइनवरून चालवलं तर फेल झाल्यावर आपणहून फोटो काढतं. सेलेनियमवाल्यांनी ब्राऊझर बंद करायच्या आधी फोटो निघतोय ना, हे एकदा तपासावं.

२. फेल झाल्यावर फोटो एकटा नको. सोबत पानाचा पत्ता, वेळ, बिल्ड नंबर, त्या क्षणाचं एचटीएमएल, कन्सोल आणि नेटवर्कच्या नोंदी. प्लेराइटमध्ये २०२१ पासून 'ट्रेस' बघता येतो: प्रत्येक कृतीच्या आधी पान कसं होतं, नंतर कसं झालं, मधे कुठली रिक्वेस्ट किती वेळ अडकली. वर सांगितलेलं उशिरा आलेलं बटण तिथे रांगेत उभं करून दाखवता येतं, आणि डेव्हलपर-टेस्टरचं भांडण पाच मिनिटांत मिटतं.

३. फोटोत जे बरोबर दिसायला हवं असं तुम्हाला वाटतं, ते टेस्टमध्ये लिहा. रक्कम महत्त्वाची असेल तर रक्कम तपासा. "फोटोत दिसेलच की" हे तपासणं नव्हे.

४. चित्रांची तुलना मोजक्या पानांची, ठरलेल्या एका मशीनवर, ठरलेल्या फॉन्टने. मान्य चित्र बदलायचं तर दुसऱ्या माणसाने जुनं-नवं शेजारी ठेवून बघायचं, कोड रिव्ह्यूसारखं. दहा पानं खरोखर बघितलेली शंभर न बघितलेल्यांपेक्षा बरी.

५. टेस्टला खोटी नावं, खोटे नंबर. आणि फोटो असो की ट्रेस, ठरावीक दिवसांनी आपोआप पुसला गेला पाहिजे.

आता शेवटचा युक्तिवाद, जो हल्ली प्रत्येक मीटिंगमध्ये येतो: "काळजी कशाला, फोटो एआय बघेल!" बघेल की. एकावर एक चढलेली अक्षरं, अर्धवट बटण, हे त्याला सापडेलही. पण पावतीवरचं ०.०० चूक आहे हे त्याला कशावरून कळणार? मोफत योजनेची पावतीही असू शकते ती. ते कळायला, आज रक्कम किती यायला हवी होती हे कोणीतरी त्याला सांगावं लागेल. आणि तेवढं जर तुम्हाला सांगता येत असेल, तर तेच टेस्टमध्ये एका ओळीत लिहिता येतं. न बघणाऱ्या माणसाच्या जागी बघणारं यंत्र बसवलं तरी 'बरोबर म्हणजे काय' हे ठरवायचं काम आपलंच राहतं.

सोमवारच्या स्टँड-अपला एकच प्रश्न विचारून बघा: "परवा रात्रीचे स्क्रीनशॉट कोणी बघितले?" कोणी हात वर केला तर उत्तम, त्याने त्यातली कुठली चूक पकडली तेही विचारा. सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले, तर ती सेटिंग त्याच दिवशी बंद करा आणि फोटो लावणाऱ्या त्या पोराला किंवा पोरीला खरीखुरी टेस्ट लिहायला बसवा. एवढी वर्षं शिकून ती फोल्डर लावायला आलेली नाही.

तूर्तास इतकंच. मॅनेजर मंडळींनी शिव्या जरूर घालाव्यात, फक्त सोबत स्क्रीनशॉट जोडू नयेत. :-)